विहीर बघायला आलेली माणसं

पासलीच्या खालच्या वस्तीत सकाळच्या पारी अंबूबाईला शोधायचं तर तिच्या घरी जाऊन उपयोग नसे. ती विहिरीवर. पाणी भरायला नव्हे. पाणी भरायला सून होती. अंबूबाई नुसती कठड्यावरून हात फिरवत एक वेढा घाली. फटीत गवत उगवलं असलं तर उपटी, दगड हलत असला तर खाली चीप बसवी, आणि मग आत डोकावून गप उभी राही, जसं काही तळाशी कुणी निजलंय आणि त्याची झोपमोड करायची नाही.

निजलेलं कुणी नव्हतं. पण विहिरीला म्हणायचे गेनबाची विहीर, आणि गेनबा हा अंबूबाईचा नवरा. तो जाऊन काही वर्षं झाली होती. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या पाटीवर नाही, कुठल्या दगडावर नाही, त्याचं नाव वस्तीतली पोरंसोरं दिवसातून दहादा घेतात, "गेनबावर जाऊन येते गं" म्हणतात, ह्याचं अंबूबाईला केवढं वाटे! ज्यांच्या नावानं रस्ते असतात त्यांना ते नाही कळायचं.

ही विहीर हौसेनं खणलेली नव्हती. वस्तीनं दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तोवर वरच्या आळीच्या विहिरीवर जायचं, कठड्यापासून लांब घागर ठेवायची आणि कुणाला दया येईल तेव्हा वरून ओतून घ्यायचं. एक दिवस गेनबा बायकोबरोबर तिथं गेला होता. ऊन डोक्यावर आलं तरी घागर कोरडी. गेनबानं घागर उचलली, खांद्यावर घेतली आणि चालायला लागला.

"आवं, कुठं निघाला? पानी?" अंबूबाई मागनं म्हणाली.

"उद्यापासनं हितं न्हाई यायचं."

"मग प्यायचं काय?"

"खनू."

एवढंच बोलणं झालं. कामथडीकडचा भिमा वडार सुरुंग लावण्यात पटाईत होता, त्याला गेनबानं हातापाया पडून आणलं. वस्तीतल्या सगळ्यांनी हात लावला, पण खाली उतरून कातळ फोडायला भिमा आणि गेनबाच. गेनबा आत उतरायचा तेव्हा काळा असायचा, वर यायचा तेव्हा पांढरा, दगडाच्या भुकटीनं. दुसऱ्या उन्हाळ्यात भिमाच्या शेवटच्या सुरुंगानं तळाच्या एका अंगाला खळगा पडला आणि त्यातून करंगळीएवढी धार लागली. वस्ती नाचली. गेनबाच्या अंगावरची भुकटी धुऊन निघाली, छातीतली राहिली. ती त्याला पुढं बरीच वर्षं खोकवत होती, आणि मग एका थंडीत खोकला थांबला.

पासलीचा पाऊस बाहेरच्या माणसाला सांगून खोटा वाटतो. चार महिने भिंतींना शेवाळ, कपड्यांना बुरशी, आणि खाचरात माणूस गुडघाभर. पण सगळा काळा कातळ. पडलेलं पाणी क्षणभर टेकत नाही, ओढ्यानं धावत नदीला जातं आणि तिथून दुसऱ्यांच्या गावाला. शिमगा झाला की गेनबाची विहीर खाली खाली जाई, आणि चैत्रात खळग्यात ओल तेवढी उरे. मग बायका डोंगर उतरून नदीच्या वाळूत झरे उकरायच्या. वरच्या आळीचीही तीच गत, फक्त त्यांची विहीर थोडी मागनं आटायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि भोरात एक मंडळ निघालं. भोर-वेल्हे भूजल मंडळ. ज्यांचं पोट जमिनीखालच्या पाण्यावर ते सगळे त्यात: पेन्शनीतले ओव्हरसियर आनंदराव, बोअरचं यंत्र चालवणारा मानसिंग, सुरुंगवाले, विहीर बांधणारे, हातावर नारळ उभा करून पाणी सांगणारे दोन पाणाडेसुद्धा. ते आणि ओव्हरसियर एका सतरंजीवर कसे बसत असतील कोण जाणे. भिमा म्हातारा झाला होता, पण त्यालाही घेतलं होतं. ह्या मंडळाचं वर्ष शेतकऱ्यासारखंच होतं. दसऱ्याला भरलेल्या विहिरी मोजायच्या, वैशाखात उतरलेल्या मोजायच्या. आषाढात खोदकाम बंद, तेव्हा भोरात बसून पुढच्या साली बोअरचं यंत्र कुठं न्यायचं ते ठरवायचं आणि तालुक्याला कळवायचं. दिवाळीनंतर जमीन वाळली की यंत्र निघायचं.

पहिल्या दसऱ्याला मंडळाची जीप ओढ्यापर्यंत आली आणि पुढं माणसं चालत वस्तीत आली.

"ही कुणाची विहीर?" आनंदरावांनी विचारलं.

"गेनबाची," चारपाच जण एकदमच म्हणाले.

"कुठंत गेनबा?"

भिमाच बोलला, "सायेब, त्यो हिच्यातच ऱ्हायला." मग सायबाचा चेहरा बघून म्हणाला, "म्हंजी मेला घरीच. पन छाती हितं सोडून गेला."

आनंदराव जरा वेळ टोपी हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी शिशाचं वजन लावलेला टेप खळग्याच्या बाजूनं आत सोडला. विहीर काठोकाठ होती; टेप बुडायलाही वेळ लागला नाही. मानसिंगनं डबी उघडून कठड्याच्या एका दगडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला.

"ही मंडळाची खूण," आनंदराव म्हणाले. "पुसू नका. दरवेळी इथूनच टेप सोडायचा."

"पावसात जातुया का रंग?" अंबूबाईनं विचारलं.

"ऑइलपेंट आहे, आजी. आपण जाऊ, तो नाही जायचा."

"बरं हाय. कायतरी ऱ्हाईल."

"आता वैशाखात येतो परत, तुमची विहीर बघायला," म्हणून माणसं गेली.

वस्तीत आजवर बाहेरचं कोण आलं होतं? चोरी झाली की पोलीस, आणि देवीची साथ आली की टोचणारे. काही बघायला म्हणून कुणी आलं नव्हतं. त्या दिवसापासून अंबूबाई सकाळच्या वेढ्यात त्या पांढऱ्या पट्ट्यावरून पदर फिरवायला लागली.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ह्या डोंगरातल्या गावांत स्थळ बघायला माणसं येणार असली की शेजारणी आपापली घागर घेऊन यायच्या आणि त्या घरचा रांजण भरून द्यायच्या. उन्हाळा असो नाहीतर काही असो. पाहुण्यानं तांब्या बुडवला आणि तो खरवडत तळाला गेला, तर सोयरीक तिथंच मोडली. म्हणून आज तुझा रांजण, उद्या माझा. ह्यात कुणाला लबाडी वाटत नसे. उघड्या अंगावर पदर घ्यावा तसं ते.

अंबूबाईच्या मुलाचं, जगनचं लग्न असंच जमलं. रतन किकवीची, हमरस्त्यावरच्या गावची, एस.टी.चे भोंगे ऐकत वाढलेली. तिचा बाप चैत्रात घर बघायला आला, तेव्हा रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता. त्यानं तांब्या बुडवला, पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "पोरीला पान्याची ददात न्हाई, झालं तर मग." वैशाखात लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी रतननं रांजणाचं झाकण काढलं, आत कोळी जाळं विणत होता. तिनं कुणाला काही विचारलं नाही. घागर घेतली आणि बायका चालल्या होत्या त्या वाटेनं नदीकडं उतरली. त्या गोष्टीवर ती कधी एक शब्द बोलली नव्हती. काही माणसं राग काढून टाकतात, काही साठवून ठेवतात. रतन साठवणारी.

वैशाख आला. मंडळाची माणसं बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येणार असा निरोप एस.टी.च्या कंडक्टरकडून वेल्ह्यात आला आणि तिथून वस्तीत. विहिरीच्या खळग्यात तेव्हा एक बेडूक होता, तोही जायच्या तयारीत. बायका कठड्याभोवती जमल्या.

"आता गं?" चंद्राबाई म्हणाली. ती शेजारच्याच घरची, अंबूबाईच्या जावेसारखी. "सायबास्नी तळ दावायचा व्हय?"

"तळ दावायचा म्हंजी गेनबादादाला उघडं पाडल्यासारखं," सरूबाईनं री ओढली.

"म्या काय म्हनते," अंबूबाई हळूच म्हणाली, "रांजन भरतुया आपन पाव्हन्यासाठी. खळगा केवढा तो? चार रांजनांचा."

"माझ्या म्हायेरी रांजनात पातेलं उलटं ठेवायचे, थोड्या पान्यात भरल्यासारखं दिसायचं," सरूबाई म्हणाली.

"मग तुज्या म्हायेरचं पातेलं आन, हिरीत पालथं घालू!"

बायका हसल्या. रतन मागं उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, पानी न्हाई म्हनूनच मोजाय येत्यात ना त्ये? भरलेलं मोजून काय करत्याल?"

"तू गप. बघाय येनाऱ्याला रिकामं दावत न्हाईत."

"ठावं हाय मला," रतन म्हणाली. "मला बी भरलेलाच दावला हुता."

चंद्राबाईनं चुंबळ उगीचच उलटसुलट करून बघितली. अंबूबाई खाली वाकून कठड्यातलं गवत उपटायला लागली, तिथं गवत नव्हतं तरी.

पण खळगा भरला. नदीच्या वाळूतून वाटीवाटीनं भरलेल्या घागरी डोंगर चढून आल्या आणि विहिरीच्या पायऱ्या उतरून तळात ओतल्या गेल्या. रतननंही आणल्या; सासूला बोलायचं ते बोलून झालं होतं, कामाला ती मागं नव्हती. तेवढे दिवस वस्तीत डाळ शिजली नाही, अंघोळीचं तर नाव नको. म्हशी जिभा काढून उभ्या. पण कातळ घट्ट होता, ओतलेलं बरंचसं टिकलं, आणि वर येऊन बघितलं की विहीर अगदी खरीखुरी दिसायची.

जीप आली. आनंदरावांनी पट्ट्याजवळून टेप सोडला, वर ओढला, आणि खडू लावलेला भाग कुठवर भिजलाय ते बघून त्यांचे डोळे मोठे झाले.

"वा! वैशाखात, ह्या कातळात कंबरभर पाणी! विहीर असावी तर अशी."

भिमा पायऱ्यांवर चार पावलं उतरला होता. खालच्या पायरीवर घागरीच्या बुडाची ओली वर्तुळं अजून वाळली नव्हती. त्यानं वर बघितलं, अंबूबाईकडं. मग त्या वर्तुळांवरून पाय घासला, एकदा, दोनदा, आणि वर आला. विहीर त्याचीही होती ना.

"चला," मानसिंग घाम पुसत म्हणाला, "हितं यंत्र चढवायची कटकट वाचली."

अंबूबाईच्या कानात "असावी तर अशी" एवढंच शिरलं. मानसिंगचं बोलणं ऐकलं ते रतननं.

जीपचा धुरळा बसायच्या आत बायका दोर-घागरी घेऊन विहिरीकडं पळाल्या, आपलं पाणी परत काढायला. गढूळ झालं होतं, आणि थोडं कुठल्याशा फटीतून निघूनही गेलं होतं. "गेनबानं दलाली ठिवून घेतली," चंद्राबाई म्हणाली. सगळ्या हसल्या, अंबूबाई सगळ्यांत जास्त.

आषाढात जगनला भोरहून बोलावणं आलं. मंडळाची वर्षाची सभा होती. भर पावसात इरलं घेऊन गेला, तो दुसऱ्या दिवशी भिजून चिंब परतला. बगलेत एक नारळ आणि एक कोरा टॉवेल.

"सत्कार केला माझा," चुलीपुढं बसत जगन म्हणाला. "वेल्ह्यात सगळ्यात चांगली हीर म्हनून. टाळ्या वाजवल्या."

अंबूबाईनं टॉवेल हातात घेतला, उलगडला, परत घडी केली. "तुज्या बाचं नाव घेतलं का रं?"

"घेतलं."

"मोठ्यांदा?"

"व्हय आये, मोठ्यांदा. भोंगा हुता."

तिनं टॉवेल डोळ्यांना लावला. मग रतननं भाकरी तव्यावर टाकत विचारलं, "आन बोअर कुनाकुनाला?"

जगन जाळाकडं बघत राहिला. "कामथडी. किकवी. आनिक खालची कुठली कुठली. आन हितं पासलीत... वरची आळी."

"आपन?"

"आपल्याला कशाला म्हनाले. ज्यांच्या हिरी वैशाखात कोरड्या त्यांना आदुगर. आपल्याकडं कंबरभर पानी हाय."

भाकरी करपल्याचा वास आला तरी रतननं ती उलटली नाही. "माझ्या म्हायेरच्यांनी रिकामी हीर दावली आन बोअर घेतली," ती म्हणाली. मग नारळ उचलून कानाशी हलवला आणि सासूपुढं ठेवला. "ह्यात बी पानी असतंय आत्याबाई. जपून ठेवा. वैशाखाला हुईल."

अंबूबाईला तेव्हा उमगलं. इतके दिवस तिला वाटत होतं, चांगली दाखवलेली मुलगी चांगल्या घरी पडते, तसं विहिरीचंही असेल. दुसऱ्या दिवशी ती जगनच्या मागं लागली, "जा, सांग त्यास्नी खरं काय त्ये."

"काय सांगू आये? खोटं दावलं म्हनून? आन सांगून तरी काय, तालुक्याला कळवून झालंय. आता फुडल्या वैशाखाला मोजत्याल, आषाढात ठरवत्याल, दिवाळीनंतर यंत्र. त्यांचं वरीस त्यांच्या चालीनं चालतंय."

नारळ घरात फोडायला देव नव्हता. तो आमटीत गेला. चांगली झाली होती आमटी, पण कुणी तसं म्हटलं नाही.

दिवाळीनंतर यंत्र वरच्या आळीत आलं आणि तिथं हापसा बसला. सरकारी हापसा, सगळ्यांचा, असं सभेत सांगितलं होतं. पुढच्या शिमग्यानंतर गेनबाची विहीर उतरली, तेव्हा रतन एकदा घागर घेऊन तिथं गेली. आळीतल्यांचं भरून होईपर्यंत थांब म्हणाले. थांबली. मग दांडा तापलाय, निवू दे म्हणाले. मग हापशाला साखळी लावून जेवायला गेले. रतन कोरडी घागर घेऊन परत आली.

अंबूबाईनं घागर बघितली आणि तिला गेनबाच्या खांद्यावरची घागर आठवली. "पुन्यांदा तिथं जायाचं न्हाई," ती म्हणाली. "तुजा सासरा जिथनं उठून आला, तिथं त्याची सून हुबी ऱ्हायाची न्हाई."

"मग?"

"नदी हाय की."

रतन नदीला जायला लागली. मायलेकीसारखं भांडणंही त्या दोघींना कधी जमलं नाही, नाहीतर तेव्हाच चार शब्द होऊन गेले असते.

चैत्राच्या शेवटी उतरणीवरच्या मुरमात रतनचा पाय सरकला. दोन्ही घागरी गडगडत नदीपर्यंत गेल्या, आणि ती हातावर पडली. मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, पावसाळा होईस्तोवर ह्या हातानं तांब्या उचलायचा नाही. घरात दोन बायका, एकीचा हात गेलेला, दुसरीचे गुडघे. जगन काही दिवस स्वतः खांद्यावर कावड घेऊन पाणी आणत होता. मग एक दिवस पुण्याला जाऊन आला. दापोडीला त्याच्या ओळखीच्या माणसानं कारखान्यात हमालीचं काम बघितलं होतं. चाळीत एक खोली. आणि दाराबाहेर नळ.

"आये, तू बी चल," जगन म्हणाला.

"हितलं कोन बघंल?"

"काय हाय हितं बघाय?"

बोचकं बांधून झालं होतं. रतन गळ्यात अडकवलेला हात सांभाळत आली. "आत्याबाई, चला. भांडून न्हाई चाललो आमी."

"वैशाखात त्ये येत्यात हीर मोजाय. आवंदा कुनी वतू नये म्हनून म्या हितं पायजे. मोजली की बोअर यील. बोअर आली की तुमी परत या."

रतननं सासूकडं बघितलं. तिला हसायचं होतं की रडायचं, ते तिलाच ठरवता आलं नसावं. शेवटी ती वाकली, चांगल्या हातानं सासूच्या पायाला हात लावला, "जयभीम" म्हणाली. जाता जाता मडक्यातलं उरलेलं पाणी तिनं एका हातानं तांब्यात ओतून चुलीजवळ झाकून ठेवलं, सासूला वाकावं लागू नये म्हणून.

वैशाखात निरोप आला तसं अंबूबाई सकाळीच कठड्यावर जाऊन बसली. बायका घागरी घेऊन आल्याच.

"अंबूवैनी, सर बाजूला," चंद्राबाई म्हणाली. "गेल्या साली सत्कार आन आवंदा कोरडी? लोक म्हनत्याल गेनबाची हीर लबाड निघाली."

"म्हनू द्यात."

"आगं तुज्या नवऱ्याचं नाव हाय!"

"नवऱ्याचं नाव हाय म्हनून सांगते. घागर घरी न्या. पोरांच्या अंगावर घाला."

"याड लागलं का गं तुला?"

"लागलंय. पोरगा गेला, सून गेली, आता याड तरी लागू दे की निवांत."

बायका परत गेल्या, पण जाताना चंद्राबाईची घागर काठोकाठ होती आणि तिच्यातलं पाणी हिंदकळून वाटेवर सांडत होतं, ते बघून अंबूबाईचा जीव तुटला.

आनंदरावांनी टेप सोडला. वजन खाली जाऊन दगडावर आपटलं, ठक्क. विहिरीत आवाज घुमला. गेनबाच्या पहारीचा आवाज असाच घुमायचा, पण त्याच्यामागं दुसरा ठोका असायचा, तिसरा असायचा. हा एकच आला आणि थांबला.

"कोरडी," आनंदराव म्हणाले. त्यांनी पुन्हा टेप सोडला. पुन्हा ठक्क. "असं कसं? गेल्या वर्षी कंबरभर होतं ना?"

"गेल्या साली तुमी पयल्यांदा बघाय आलता," अंबूबाई म्हणाली. "म्हनून आमी वतलं हुतं."

आनंदराव हसले. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. मग त्यांनी भिमाकडं बघितलं. भिमा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. आनंदरावांचं हसू हळूहळू गेलं.

"कशासाठी हो आजी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यात न्हाई का भरत? पाव्हनं आल्यावर?"

आनंदरावांनी टेप गुंडाळला. जाताना म्हणाले, "ह्या खेपेला वस्तीचं नाव पहिलं. मी बघतो." आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी ते केलंही.

दिवाळीनंतर यंत्र आलं. मानसिंगनं विहिरीपासून थोड्या अंतरावर ते उभं केलं. दिवसभर सगळी वस्ती थरथरत होती, भांडी फळीवर वाजत होती, कातळाची पांढरी भुकटी वर उडून झाडांवर, छपरांवर बसत होती. अंबूबाईनं पदर नाकाला लावला नाही. दिवस कलताना पाणी लागलं. बरं लागलं. पोरं ओरडत भिजली, सरूबाईनं मानसिंगला गूळ दिला. त्या थरथरीत विहिरीच्या कठड्याचा एक दगड निसटून आत पडला. पांढऱ्या पट्ट्याचाच. कुणाच्या लक्षात आलं नाही. अंबूबाईच्या आलं, पण तिनं तिथं दुसरा दगड बसवला नाही.

हापसा वस्तीच्या मधोमध बसला. घागर दोन मिनिटांत भरायला लागली. बायका नदीची वाट विसरल्या, आणि वाटेवर घाणेरीची झुडपं वाढली. गेनबावर जाऊन येते असं म्हणायचं कारण उरलं नाही. पोरं "हापशावर" म्हणायला लागली. त्यात त्यांची काय चूक?

अंबूबाईनं कंडक्टरकडं दापोडीला निरोप धाडला: बोअर आली, या.

ती दोघं आली, पण वैशाखात, दोन दिवसांच्या सुटीवर. येणार कळल्यावर अंबूबाईनं रांजण घासला, आणि हापशावरून लहान कळशीनं पाणी आणून, गुडघे धरत, बसत, उठत, एकटीनं तो गळ्यापर्यंत भरला. चंद्राबाई घागर घेऊन मदतीला आली, तर तिला दारातून परत पाठवली.

रतनचा हात जुळला होता, पण मनगट जरासं वाकडं बसलं होतं. पातळ नवं होतं. तिनं घरात पाऊल ठेवलं आणि सरळ रांजणाकडं गेली. झाकण काढलं. रांजण भरलेला होता. मग बाही सारून हात आत घातला, कोपरापर्यंत, त्याच्याही वर.

"पालथं पातेलं न्हाई," अंबूबाई मागनं म्हणाली.

"कुनी भरला?"

"म्या. आपलंच पानी हाय रतन. कुनाचं न्हाई."

रतननं ओला हात काढला, तसाच तोंडावरून फिरवला. तांब्याभर प्याली. "ग्वाड हाय," म्हणाली.

"मग?"

रतन खाली बसली. "आत्याबाई, त्यांची हमाली कायम झालीया. मला बी शेजारी भांडी घासायची कामं लागल्यात. हितं आता खाचर तरी कोन करनार? तुमीच चला."

अंबूबाईनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते रतनला कळलं नाही, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन दिवस बरे गेले. रतननं सासूचं डोकं धुऊन दिलं, भरपूर पाण्यानं. म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा वैशाखात इतक्या पाण्यानं न्हाली असेल. जगननं छपराचे दोन वासे बदलले. मग सकाळच्या एस.टी.नं दोघं गेली.

एका म्हातारीला पाणी ते किती लागणार? तांब्याभर प्यायला, तपेलीभर आंघोळीला. रांजण निम्म्याच्या वरच भरलेला राहिला. काही दिवसांनी झाकण काढलं तर पाण्याला वास आला होता, आणि कडेला बारीक किडे वळवळत होते. फेकून देणं अंबूबाईच्या हाताला ठाऊक नव्हतं. वैशाखातलं पाणी कोण फेकतं?

तिनं कळशी भरली आणि गेनबाच्या विहिरीवर गेली. पायऱ्या उतरण्याइतके गुडघे राहिले नव्हते, म्हणून कठड्यात जिथं दगड नव्हता तिथून वाकून तिनं कळशी खाली सोडली. पाणी बराच वेळ पडत राहिलं आणि खळग्यात वाजलं. मग घरी जाऊन दुसरी कळशी आणली. मग तिसरी. चंद्राबाई हापशावर उभी राहून बघत होती.

"अंबूवैनी," तिनं हाक मारली, "कोन येनार हाय गं बघाय?"

"कुनी न्हाई," अंबूबाई म्हणाली, आणि कळशी उपडी केली.